मानसशास्त्र घेऊन काय करावयाचें?

बारावीचा निकाल लागला कीं लातूरच्या घराघरांतून एकच विषय निघतो : आतां पुढें काय? या शहरांत त्या प्रश्नाचीं उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. वैद्यकी, अभियांत्रिकी, औषधनिर्माण; आणि तें न साधल्यास विज्ञानाची पदवी. अशा घरांतील मुलीनें किंवा मुलानें मानसशास्त्र घेऊन ऑनर्स करण्याचा मानस बोलून दाखविला, म्हणजे वडील मंडळींकडून तीन शंका हटकून येतात. माणसें ओळखावयास पुस्तक कशाला हवें, चार पावसाळे पाहिले म्हणजे पुरे, ही पहिली. हा तर वेड्यांच्या इस्पितळाचा विषय, सुस्थितींतल्या मुलांनीं त्यांत कां पडावें, ही दुसरी. आणि त्यानें पोट भरेल काय, ही तिसरी. तीन्ही शंका प्रामाणिक आहेत. या अभ्यासांत प्रत्यक्ष काय करावें लागतें हें पाहिल्यावांचून मात्र त्यांपैकीं एकीचेंहि समाधान व्हावयाचें नाहीं.

चार पावसाळे पाहिलेल्या माणसाला माणसें कळतात हें खोटें नाहीं. पण त्याचें शहाणपण म्हणींत सांठविलेलें असतें, आणि म्हणींना एक खोड आहे : त्या जोडीजोडीनें आणि परस्परविरुद्ध येतात. 'खाण तशी माती' ही म्हण स्वभाव जन्मतःच ठरतो असें सांगते. 'ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला' ही म्हण तो संगतीनें बनतो असें सांगते. मुलगा बापासारखा निघाला कीं पहिली आठवते, बिघडला कीं दुसरी. घटना घडून गेल्यावर दोन्ही खऱ्या ठरतात. घडण्यापूर्वीं एकीचाहि उपयोग होत नाहीं. कोणत्या गुणांत आनुवंशिकतेचा वांटा किती, संगतीचा किती, आणि हें ठरविण्यास कोणता पुरावा पुरेसा मानावा, येथून शास्त्राची हद्द सुरू होते. मनाविषयीं आपण जें जें बोलतों तें खरें आहे कीं नाहीं हें तपासण्याची शिस्त, असेंच मानसशास्त्राचें थोडक्यांत वर्णन करतां येईल.

या शिस्तीचें वय फार नाहीं. विल्हेल्म वुंट या जर्मन पंडितानें १८७९ सालीं लाइपझिग येथें मनोव्यापारांच्या प्रयोगांसाठीं प्रयोगशाळा काढली, तेथून प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. त्यापूर्वीं मनाचा विचार होत नव्हता असें मुळींच नाहीं. मन, बुद्धि आणि अहंकार यांचें सूक्ष्म विवेचन भारतीय दर्शनांनीं कितीतरी आधीं केलेलें आहे. नवी होती ती प्रयोगाची आणि मोजमापाची जोड. हिंदुस्थानांत कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला, व हार्वर्ड येथें शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे तो सोंपविला. महाराष्ट्रांत पुणें विद्यापीठाचा विभाग १९५० सालीं प्रा. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाला, आणि मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ सालीं.

मराठवाड्यांत तर उच्च शिक्षणाचीच वाट उशिरां उघडली. निजामी राजवटींत या भागाचें विद्यापीठ म्हणजे हैदराबादचें उस्मानिया, आणि तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें स्थापन झालें. १९९४ सालीं त्यांतून नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळें निघालें. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आज त्याच्या कक्षेंत आहेत. ज्या घरांतील नात आज ऑनर्सचा विचार करते, त्या घरांत पदवीधरांची ही बहुधा दुसरी किंवा तिसरीच पिढी असते. वडील मंडळींची सावधगिरी या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे.

'ऑनर्स' हा शब्द जुन्या पदवीधरांच्या कानास नवा नाहीं. त्याची आजची व्यवस्था मात्र नवी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीचा मार्ग चार वर्षांपर्यंत वाढविला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणें तीन वर्षांत, म्हणजे सहा सत्रांत, १२० श्रेयांक पुरे केले असतां साधी पदवी मिळते; चौथें वर्ष करून १६० श्रेयांक झाले म्हणजे ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील, तर चौथ्या वर्षीं संशोधन-प्रबंध लिहून संशोधनासह ऑनर्स करतां येतो. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरांत पंधरा तासांचें अध्यापन. प्रयोगशाळेच्या कामांत तेवढ्याच श्रेयांकासाठीं तीस तास द्यावे लागतात. महाराष्ट्रांत ही पद्धति २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत व २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत येऊं लागली. चौथें वर्ष प्रत्येक महाविद्यालयांत असेलच असें नाहीं. तें प्रवेशापूर्वींच विचारून घेणें शहाणपणाचें. आणि ७५ टक्क्यांची अट पहिल्या सत्रापासून मोजली जात असल्यामुळें, 'आधीं कसेंबसें उत्तीर्ण होऊं, मग पाहूं' हें धोरण येथें चालत नाहीं.

मानसशास्त्राच्या साध्या परिचयांत आणि ऑनर्सच्या पातळीवरील परिचयांत प्रकरणें बहुधा तींच असतात : संवेदन, अवधान, अध्ययन, स्मृति, प्रेरणा, भावना, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व. फरक पडतो तो प्रश्नांत. साध्या परिचयांत 'स्मृति म्हणजे काय व तिचे प्रकार किती' एवढें सांगतां आलें म्हणजे काम भागतें. ऑनर्सच्या विद्यार्थ्याला त्यापुढें विचारलें जातें : हें कळलें कसें? किती जणांवर पाहिलें? तीं माणसें कोण होतीं? याच निरीक्षणाचा दुसरा अर्थ लावतां येईल काय?

याचा एक नमुना घरच्या घरीं पाहतां येतो. एकानें फूटपट्टी वरच्या टोंकाशीं धरून उभी टांगावी. दुसऱ्यानें खालच्या टोंकाशीं, शून्याच्या खुणेवर, अंगठा व तर्जनी न चिकटवितां ठेवावीं. पहिल्यानें पूर्वसूचना न देतां पट्टी सोडावी व दुसऱ्यानें ती पकडावी. पट्टी वीस सेंटिमीटर घसरली असेल, तर पडणाऱ्या वस्तूच्या नियमावरून तेवढ्या अंतरास सुमारें एकपंचमांश सेकंद लागतो. हा झाला त्या माणसाचा प्रतिक्रिया-काल. येथपर्यंत गंमत आहे. शास्त्र पुढें आहे. दहा वेळां पट्टी सोडली तर दहा निरनिराळे आंकडे येतात. मग खरा आंकडा कोणता? सरासरी घ्यावी, पण आंकडे सरासरीपासून किती पसरले आहेत तेंहि सांगावें, याला प्रमाण विचलन म्हणतात. आतां कोणी म्हणेल, चहा घेतल्यावर हात चपळ होतो. आधीं चहाविना पट्टी पकडली व मग चहा घेऊन पकडली, आणि दुसऱ्या खेपेस आंकडे सुधारले, तर तें चहामुळें कीं सरावामुळें? म्हणून निम्म्या माणसांना आधीं चहा व निम्म्यांना नंतर द्यावा लागतो. पण आपण चहा घेतला आहे, आतां हुशारी येणार, या कल्पनेनेंच माणूस सावध झाला असेल तर? म्हणून त्याच चवीचें, उत्तेजक द्रव्य काढून टाकलेलें पेय कांहींना द्यावें, आणि कोणाला काय दिलें हें पट्टी सोडणारासहि कळूं देऊं नये. एका चहाच्या पेल्यामागें इतकी खबरदारी! पहिल्या वर्षाचा पुष्कळसा वेळ अशी खबरदारी अंगवळणीं पाडण्यांत जातो. 'माणसें ओळखावयास पुस्तक कशाला' या शंकेचें उत्तर या पट्टींत आहे : पुस्तक माणसें ओळखावयास नसून, आपली ओळख चुकते कोठें तें ओळखावयास असतें.

लातूरच्या विद्यार्थ्याला स्मृतीचें प्रकरण विशेष जिव्हाळ्याचें वाटावें. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानें निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, त्या पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजलें, आणि १८८५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका दिवसानंतर मूळच्या श्रमांपैकीं सुमारें एकतृतीयांशच वांचत, महिन्यानंतर सुमारें एकपंचमांश. म्हणजे विसरण्याचा वेग आरंभीं फार मोठा असतो व नंतर मंदावतो. यावर उपाय काय? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा चार वेळां वाचला. कांहींनीं एकदां वाचून तीन वेळां, पुस्तक मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं घेतलेल्या चांचणींत वाचणारे पुढें होते : ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानें घेतलेल्या चांचणींत पारडें फिरलें : वाचणारांना ४० टक्के आठवलें, लिहून काढणारांना ६१ टक्के.

१९७० सालीं स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयानें रुजविलेली आणि पुढें 'लातूर पॅटर्न' या नांवानें महाराष्ट्रभर गाजलेली पद्धति पाहिली, तर तिचा गाभा पुनःपुन्हां घेतलेल्या सराव-परीक्षा हाच आहे. म्हणजे प्रयोगशाळेनें जें आंकड्यांनीं दाखविलें, त्याचा व्यवहारांतील उपयोग या शहरानें त्यापूर्वींच केला होता. लातुरी तालमींत वाढलेला विद्यार्थी मानसशास्त्राकडे वळला तर ही शिदोरी त्याच्या उपयोगीं पडते. मात्र त्याच शिदोरीवर ऑनर्सची वाट सरत नाहीं. सराव-परीक्षेंत प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतें आणि तें कोणीतरी आधींच ठरविलेलें असतें. ऑनर्सच्या प्रश्नपत्रिकेंत पुष्कळदां दोन अभ्यास समोर ठेविलेले असतात. दोघांचे निष्कर्ष जुळत नाहींत. आणि विद्यार्थ्यानें कोणाचा पुरावा अधिक भक्कम, व कां, तें सांगावयाचें असतें. चार पर्यायांची संवय झालेल्या मुलाला येथें प्रथम अंधारल्यासारखें होतें. हा अंधार बुद्धीच्या उणिवेमुळें आलेला नसतो, नव्या संवयीची ती सुरुवात असते, हें घरच्यांनीं व शिक्षकांनींहि ध्यानांत ठेवावें.

परीक्षा देण्यांत आयुष्याचीं कोवळीं वर्षें घालविलेल्या या विद्यार्थ्याला मानसशास्त्र आणखी एक गोष्ट शिकवितें : परीक्षेचीच परीक्षा घेणें. आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं १९०५ सालीं पॅरिसमध्यें मुलांच्या बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. ती जगभर गेली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं तिची मुंबई-कर्नाटक आवृत्ति सिद्ध केली. त्यांचें त्यावरील पुस्तक १९४० सालीं प्रसिद्ध झालें. येथें कोणालाहि वाटेल कीं, प्रश्नांचें भाषांतर केलें म्हणजे काम झालें. पण पॅरिसच्या मुलाला ओळखीची वस्तु औशाच्या किंवा निलंग्याच्या मुलानें पाहिलेलीच नसेल, तर त्याचें चुकलेलें उत्तर त्याच्या बुद्धीविषयीं कांहींच सांगत नाहीं. शिवाय सात वर्षांच्या मराठी मुलाला सामान्यतः किती प्रश्न येतात, हें मराठी मुलांवरच पाहून ठरवावें लागतें. त्या पाहणीवांचून मिळालेला आंकडा म्हणजे परक्या मुलखाच्या मापानें केलेली मोजणी.

कसोटीकडे पाहण्याचे दोन निकष पहिल्याच वर्षीं शिकविले जातात. तीच कसोटी पुन्हां दिली असतां तोच निकाल येतो काय, ही विश्वसनीयता. जें मोजण्याचा दावा आहे तेंच ती मोजते काय, ही यथार्थता. वजनाचा कांटा रोज तोच आंकडा दाखवील, पण त्यावरून माणसाची उंची कळणार नाहीं. प्रवेश-परीक्षेचे गुण हे कांहीं ठराविक विषयांतील, ठराविक वेळांतील कौशल्याचें माप आहे. त्यावरून मुलाची एकंदर बुद्धि, चिकाटी किंवा भावी आयुष्यांतील योग्यता मोजली गेली असें समजणें ही यथार्थतेची चूक होय. थोड्या गुणांनीं वैद्यकीचा प्रवेश हुकलेलीं मुलें स्वतःस कायमचीं कमी लेखूं लागतात, त्या शहरांत ही चूक पुस्तकापुरती राहत नाहीं. ती जेवणाच्या ताटावर, नातेवाइकांच्या बोलण्यांत आणि मुलाच्या उशाशीं येऊन बसते.

या जिल्ह्यानें मनाच्या शास्त्रापुढें आणखी एक मोठा प्रश्न ठेविला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरांत भूकंप झाला. आदल्याच दिवशीं गणेश-विसर्जन झालें होतें. गांवें रात्रीं उशिरां झोंपलीं होतीं. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत दगडमातीच्या जड भिंतींखालीं सांपडून सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. घरें पुन्हां बांधतां आलीं, गांवें नव्या जागीं वसवितां आलीं. वांचलेल्यांच्या मनाचें काय झालें, हा प्रश्न त्यानंतर पुढें आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका प्रकल्पांत डॉ. मोहन आगाशे यांनीं प्रमुख संशोधक म्हणून या भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. रंगभूमीवरील नट म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले आगाशे व्यवसायानें मनोविकारतज्ज्ञ आहेत.

ऑनर्सच्या विद्यार्थ्यानें या घटनेकडे कसें पाहावें? भूकंपानंतर कित्येक रात्री घराबाहेर निजणारा माणूस आजारी नसतो. भीतीचें कारण खरें असतांना भ्यालें तर तें मनाच्या निरोगीपणाचेंच लक्षण. पण संकट टळून महिने लोटले तरी तींच दृश्यें पुनःपुन्हां डोळ्यांपुढें येणें, झोंप न लागणें, आठवण करून देणाऱ्या जागा टाळणें, बारीक आवाजानेंहि दचकणें आणि त्यांपायीं रोजचें जगणें अडणें, याला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें १९८० सालीं आघातोत्तर तणावविकार म्हणून आपल्या सूचींत स्थान दिलें. मोठ्या आपत्तींतून गेलेलीं बहुसंख्य माणसें कालांतरानें आप्तेष्टांच्या आधारानें सांवरतात. कांहींना उपचारांची गरज पडते. दोहोंत भेद करणें, हें 'वेड्यांचा विषय' या शंकेचें खरें उत्तर आहे. मानसशास्त्राचा मोठा भाग तुमच्याआमच्यासारख्या सामान्य मनाच्या व्यापारांचा आहे, आणि सामान्य काय हें नीट कळल्यावांचून असामान्य काय तें कळतच नाहीं.

त्या रात्रीच्या आठवणीहि विचार करण्यासारख्या आहेत. अशा प्रसंगाचें चित्र मनावर कोरलें जातें, तें कधीं पुसत नाहीं, असें आपण समजतों. १९८६ सालीं अमेरिकेचें चॅलेंजर हें अवकाशयान उड्डाण करतांच कोसळलें, तेव्हां अल्रिक नायसर यांनीं दुसऱ्याच दिवशीं विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कोठें व कशी कळली, तें लिहून घेतलें. सुमारें अडीच वर्षांनंतर त्यांतील ४४ जणांस तेंच पुन्हां विचारलें. सुमारें एकचतुर्थांश विद्यार्थ्यांचीं सर्व उत्तरें आधींच्या लेखाशीं विसंगत निघालीं; आणि आपली आठवण बिनचूक असल्याची त्यांतील पुष्कळांची खात्री होती. यावरून किल्लारीच्या वृद्ध माणसाला कोणी खोडून काढूं लागला, तर त्याला शास्त्र समजलें नाहीं असें म्हणावें लागेल. तपशील बदलला म्हणून दुःख खोटें होत नाहीं. पण न्यायालयांतील साक्षीचें मोल ठरवितांना, किंवा जुन्या घटनेचा इतिहास लिहितांना, खात्री आणि अचूकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें ज्ञान फार उपयोगीं पडतें.

येथेंच नीतीचा प्रश्न येतो. स्टॅन्ले मिलग्रॅम यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४० पुरुषांपैकीं २६ जणांनीं, केवळ प्रयोगकर्त्यानें सांगितलें म्हणून, दुसऱ्या माणसास ४५० व्होल्टपर्यंत विजेचे धक्के आपण देत आहों अशा समजुतीनें कळा दाबल्या. धक्के खोटे होते. पण कळा दाबणारांची घालमेल खरी होती. अशा प्रयोगांवर झालेल्या वादांतून आजचे नियम दृढ झाले : सहभागी होणाऱ्यास आधीं माहिती द्यावी, त्याची संमति घ्यावी, कधींहि सोडून जाण्याची मोकळीक ठेवावी, त्याचें नांव गुप्त राखावें. शेजारच्या काकूंच्या दुःखाची कहाणी आपल्या प्रकल्पवहींत परवानगीवांचून लिहिणारा विद्यार्थी कितीहि गुण मिळवो, त्यानें पहिलाच धडा गमावला.

या शास्त्राच्या ठायीं एक दुर्मिळ गुण आहे, तो म्हणजे आपल्या चुका चव्हाट्यावर मांडण्याचा. २०१५ सालीं अनेक देशांतील संशोधकांनीं मिळून मानसशास्त्रांतील १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हां करून पाहिले. मूळच्या अभ्यासांपैकीं ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष निघाला होता. पुनःप्रयोगांत तो केवळ ३६ टक्क्यांत निघाला. त्याआधीं २००८ सालीं जेफ्री आर्नेट यांनीं सहा प्रमुख अमेरिकन नियतकालिकांची पाहणी करून दाखविलें होतें कीं, त्यांत अभ्यासिलेल्या माणसांपैकीं ९६ टक्के पाश्चात्य औद्योगिक देशांतील होतीं. म्हणजे 'माणूस असा वागतो' असें पुस्तकांत वाचतांना, कोठला माणूस, हें विचारण्याचा मराठवाड्यांतील विद्यार्थ्यास पुरेपूर अधिकार आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या, दुष्काळ पाहिलेल्या, मराठींत विचार करणाऱ्या मनावर तोच निष्कर्ष लागू पडतो काय, हा चौथ्या वर्षाच्या प्रबंधास शोभणारा प्रश्न आहे, आणि त्यासाठीं लातुराहून दूर जाण्याची गरज नाहीं.

अडचणीहि आहेत, त्या झांकण्यांत अर्थ नाहीं. पहिली भाषेची. अकरावी-बारावीचें मानसशास्त्राचें पाठ्यपुस्तक मराठींत आहे. पुढें मूळ लेख वाचावयाचे तर इंग्रजीवांचून गत्यंतर नाहीं. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येक पारिभाषिक शब्द मराठींत आपल्या घरांतील उदाहरणानें समजावून पाहणें. प्रबलन म्हणजे काय हें आजीला सांगतां आलें, तर तें विद्यार्थ्यालाहि समजलें आहे असें मानण्यास हरकत नाहीं. दुसरी अडचण संख्याशास्त्राची. गणित सुटावें म्हणून मानसशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याची पहिल्याच वर्षीं निराशा होते. सहसंबंध, संभाव्यता आणि प्रमाण विचलन यांवांचून येथें पाऊल पुढें पडत नाहीं. तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. विकारांचीं लक्षणें वाचतां वाचतां प्रत्येक लक्षण आपल्यांतच असल्याचा भास होतो. आणि आपल्यांत नसेल तर धाकट्या भावांत दिसूं लागतें. पुस्तक वाचून घरच्यांचें निदान करूं नये, हा नियम पहिल्या दिवशींच पाळावयास लागावें.

आतां पोटाचा प्रश्न. ऑनर्सच्या पदवीनें कोणी चिकित्सक होत नाहीं. मानसिक आरोग्य सेवेविषयींच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचें तर मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रशिक्षण लागतें, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. औषधें देण्याचा अधिकार तर वैद्यकशास्त्र शिकलेल्या मनोविकारतज्ज्ञाचा. म्हणून पदवी हातीं पडतांच दारावर पाटी लावण्याचा विचार कोणी करूं नये. शालेय समुपदेशन, विशेष मुलांचें शिक्षण, कर्मचारी-निवड, समाजकार्य, संशोधन, अध्यापन असे मार्ग पुढें आहेत. त्यांतील बहुतेकांसाठीं आणखी पदव्युत्तर शिक्षण घ्यावें लागतें. ज्यांना लौकर कमाई हवी आहे त्यांना ही वाट लांबची वाटेल. तें आधींच समजलेलें बरें. निम्म्या वाटेंत समजण्यापेक्षां घरांतल्या चर्चेंत समजलेलें अधिक चांगलें.

पण या अभ्यासाचें मोल नोकरीच्या जाहिरातीवरून संपूर्ण कळत नाहीं. दरवर्षीं आसपासच्या जिल्ह्यांतून हजारों मुलें लातुरांत शिकवणीसाठीं येतात, भाड्याच्या खोलींत राहतात आणि खाणावळींत जेवतात. त्यांतील एखाद्याची झोंप उडाली, जेवण तुटलें, बोलणें थांबलें, तर तें प्रथम दिसतें खोलींतल्या सोबत्याला, खाणावळवाल्या मावशींना, वर्गावरच्या शिक्षकांना. वैद्य फार नंतर येतो. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनि-सेवा १४४१४ नव्हे तर १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. पण क्रमांक फिरवावा असें कोणीतरी आधीं सुचवावें लागतें. मानसशास्त्राचें एकच वर्ष नीट केलेला विद्यार्थी उपचार करूं शकत नाहीं, तरी तो शांतपणें ऐकूं शकतो, हंसण्यावारी नेत नाहीं, आपल्या ज्ञानाची सीमा कोठें संपते तें जाणतो आणि त्या सीमेपलीकडच्या माणसाकडे सोबत्याला वेळेवर घेऊन जातो. अशीं चार-दोन मुलें प्रत्येक गल्लींत असावींत, एवढी या शहराची गरज नक्कीच आहे.